पोटॅशियमची वाट आणि पाहुण्यांची सरबराई

स्क्रीनवर दोन रेषा होत्या. निळी पोटॅशियमची, लाल सोडियमची. निळीनं भराभर वर चढायचं होतं आणि लालनं खाली रेंगाळायचं होतं. त्याऐवजी दोघी बरोबरीनं चढल्या आणि वर जाऊन शेजारी-शेजारी बसल्या.

पुण्याहून आलेल्या डॉ. बापट चष्मा काढून स्क्रीनजवळ वाकल्या. मागं उभे असलेले देशमुख सर, म्हणजे आमच्या कंपनीचे मालक, उगीच घसा खाकरायला लागले. मशीनसमोर बसलेली नसरीन मात्र हललीसुद्धा नाही. ज्याची परीक्षा चालली होती तो चॅनेल तिनं बनवलेला होता.

"तुमच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम सोडियमच्या कितीतरी पुढे आहे," बापट मॅडम म्हणाल्या. "इथे तर दोघे हातात हात घालून चाललेत."

"पुन्हा एकदा घेऊ," मी म्हटलं.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"आधीचे ग्राफ कुणी काढले होते?"

"मी," नसरीन म्हणाली.

"सगळेच पाठवलेत, की छान आले तेवढेच?"

आवाज जराही चढलेला नव्हता. पण आमच्या धंद्यात या प्रश्नाचा अर्थ एकच होतो: तुम्ही खोटं बोललात. नसरीनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी काही बोलणार तेवढ्यात देशमुख सर मधे पडले आणि म्हणाले, "मॅडम, आधी जेवणं उरकू. करमाडला शेतावर हुरडा भाजायला सांगून ठेवलाय. थंड झाला की मजा नाय."

आता आम्ही नेमकं काय करतो ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीला एक पातळ कातडी असते. ती असते स्निग्ध पदार्थाची, तेलासारखी. पाण्यात विरघळलेलं मीठ तेलातून पलीकडं जात नाही, हे कुठल्याही स्वयंपाकघरात दिसतं. पण पेशीला तर क्षार आत-बाहेर करावेच लागतात. म्हणून त्या कातडीत ठिकठिकाणी बारीक दारं असतात. त्यांना आम्ही चॅनेल म्हणतो. त्यातली काही दारं लई चोखंदळ. पोटॅशियमला आत घेतात, सोडियमला नाही. आता गंमत अशी की सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान आहे. मोठा आत जातो आणि लहान बाहेर राहतो. माझ्या भाच्यानं हे ऐकल्यावर मला विचारलं होतं, "आत्या, तू नक्की पीएचडी केलीस ना?"

त्याचं असं आहे. पाण्यात कुठलाही क्षार एकटा फिरत नाही. त्याला चारी बाजूंनी पाणी चिकटलेलं असतं. दारातून जायचं तर ते पाणी बाहेर सोडावं लागतं, आणि त्याच्या बदल्यात दारानं तसाच आधार द्यावा लागतो. मापाची बांगडी मनगटाला सगळीकडून लागते, तसं दाराचं कडं पोटॅशियमला सगळीकडून धरतं. सोडियम बारका. त्याला कडं सैल पडतं. आधारच मिळत नाही म्हटल्यावर तो आपलं पाणी सोडायला तयार होत नाही आणि बाहेरच राहतो.

निसर्गानं केलेली ही दारं नाजूक असतात, पेशीबाहेर काढली की फार टिकत नाहीत. म्हणून आमच्यासारखे लोक ती रसायनांपासून बनवतात. नसरीननं अशी पोटॅशियमच्या मापाची कडी एकाखाली एक जोडून एक रेणू बनवला होता. तो कातडीत आपोआप रुतून बसायचा आणि त्याची नळी व्हायची. वाचायला दोन वाक्यं लागली. करायला तिची उमेदीची वर्षं गेली. कधी कडी जुळायची नाहीत, कधी जुळायची पण रेणू कातडीत शिरायचाच नाही, भांड्याच्या तळाशी पिठासारखा बसायचा.

याचा उपयोग काय, तर किडनीच्या पेशंटना. त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. ते घरच्या घरी मोजता यावं असं छोटं यंत्र बापट मॅडमच्या कंपनीला करायचं होतं. यंत्राच्या पडद्यात आमचा चॅनेल बसणार होता. रक्तात सोडियम भरपूर असतं. चॅनेलनं तेही आत घेतलं तर यंत्राचा आकडा चुकणार, आणि अशा ठिकाणी चुकीचा आकडा म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ.

देशमुख सर स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर. वाळूजला त्यांचा गाड्यांचे पार्ट बनवायचा कारखाना आहे. थोरले भाऊ डायलिसिसवर गेले आणि त्या काळात सरांनी शेंद्र्याला ही लॅब काढली. केमिस्ट्रीतलं त्यांना कळत नाही आणि तसं ते सांगतातही. माणूस दिलदार. पण पाहुणा म्हटला की त्यांच्या अंगात येतं. आदल्या आठवड्यापासून फोन चालू होते. बापट मॅडम हॉटेलवरून निघाल्या की क्रांती चौकात गाडी अडकते, म्हणून ड्रायव्हरनं कुठून वळायचं. दुसऱ्या दिवशी त्यांना वेरूळ कोण दाखवणार. हिमरू शाल कुठल्या रंगाची घ्यायची. मला तर शालीचे फोटो पाठवून विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

तर त्या दिवशी सगळे हुरड्याला निघाले. निघता निघता देशमुख सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, पोरीनं काही गडबड केली का?"

"नाही."

"मग असं कामून झालं?"

"ते बघायला वेळ द्या."

"वेळ कुठून आणू? उद्या दुपारी त्या जायलेत. मी काय म्हणतो, आपण सरळ सांगून टाकू. रिझल्ट पोरीचे होते, आपण तपासायला कमी पडलो. लॅबचं नाव तरी राहील."

मला असा राग आला की काय सांगू. तीस वर्षं या कामात गेली माझी. मालक लोकांना घाबरायचं वय कधीच गेलं.

"सर, तुम्ही असं म्हणालात तर ती पोरगी या क्षेत्रातून उठली म्हणून समजा. तिला उद्या कुणी चहाच्या कपातली साखर मोजायला पण ठेवणार नाही."

"मला काय हौस आहे का?"

"हुरडा खायला किती वेळ लागतो?"

"दोन तास तर लागतेत."

"मग दोन तास तोंड हुरड्यातच ठेवा. या विषयावर बापट मॅडमशी एक शब्द बोलायचा नाही. आल्यावर मी सांगते काय सांगायचं ते."

ते गेले. त्यांना माझं बोलणं लागलं असणार, पण माझ्याजवळ गोड बोलायला वेळ नव्हता.

लॅबमध्ये आले तर नसरीन तशीच मशीनसमोर. सिल्लोडची पोर. वडिलांचा मक्याचा व्यापार. ती इथं खालाकडं, म्हणजे मावशीकडं राहते. वडलांना चॅनेल म्हणजे टीव्हीचं काही वाटत असेल कदाचित, पण पोरीनं काहीतरी नवीन बनवलंय हे सांगायला त्यांनी आडतीतला एक माणूस सोडला नसेल. एरवी ती माझ्याशी चांगलं मराठी बोलते. त्या दिवशी तोंडातून घरचीच भाषा आली.

"मॅडम, मैं एक भी ग्राफ छुपाई नै."

"मला माहीत आहे."

"वो पूछे तो मेरे को जवाबच नै आया."

"मला पण आलं नाही. आता रडून घे पाच मिनिटं, नाहीतर नंतर रड. मी चहा टाकते."

ती रडली नाही. चहा पण घेतला नाही. तिनं सकाळचे ग्राफ पुन्हा स्क्रीनवर लावले आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

"मॅडम, शेवटी उडी नाही आली."

हे समजायला आमची परीक्षा कशी असते ते माहीत पाहिजे. आम्ही काचेच्या गोल फ्लास्कमध्ये स्निग्ध पदार्थाचा पातळ थर वाळवतो आणि त्यात पाणी घालून त्याचे बुडबुडे करतो. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. प्रत्येक बुडबुडा म्हणजे एक खोटी पेशी. त्याच्या आत एक चमकणारा रंग कोंडलेला असतो. बाहेरून क्षार आत घुसला की आतला रंग उजळतो आणि मशीनवर रेषा चढते. मग सगळ्यात शेवटी एक थेंब साबणाचा टाकायचा. कढईचं तेल साबणानं सुटतं तसे बुडबुडे साबणानं विरघळतात. सगळे एकदम फुटले की रेषा उडी मारून टोकाला जाते. ते टोक म्हणजे शंभर टक्के. बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं.

सकाळी साबणाचा थेंब टाकल्यावर रेषा जेमतेम हलली होती. फुटायला बुडबुड्यांत काही उरलंच नव्हतं.

"म्हणजे चॅनेलनं दोघांनाही आत घेतलं," मी म्हटलं.

"किंवा बुडबुडेच गळके होते," ती म्हणाली.

आता ती रसायनशास्त्रज्ञासारखी बोलायला लागली होती. मला जरा बरं वाटलं.

बुडबुडे गळके आहेत की नाही हे ओळखायची एक साधी तऱ्हा आहे. चॅनेल टाकायचाच नाही. नुसते बुडबुडे आणि बाहेर क्षार. याला आम्ही ब्लँक म्हणतो. दारच नाही, तर आत कुणी जायला नको आणि रेषा आडवी राहायला पाहिजे. ब्लँक ही आमच्या कामातली पहिली पायरी. कॉलेजातला पोरगासुद्धा ती चुकवत नाही. आणि आम्ही त्या सकाळी ती चुकवली होती.

चुकवली नव्हती, काढून टाकायला लावली होती. मी ब्लँक लावायला सांगितलं तसं देशमुख सरांनी पाहुण्यांसमोरच विचारलं, "यात काय दिसतं?"

"काहीच दिसत नाही. तेच दाखवायचं असतं."

"अहो मॅडम, पाहुण्यापुढं कुणी रिकामं ताट ठेवतं का? भरलेलं दाखवा. त्यांना पुढं जेवायला जायचंय."

मी म्हटलं, सर, हे लागतं. ते म्हणाले, रिपोर्टमध्ये आहे ना, मग झालं. बापट मॅडम हसल्या. त्या वेळी मालकाशी वाद घालून तमाशा करण्यापेक्षा मी दात-ओठ खाऊन गप्प बसले.

आता ब्लँक लावलं. फ्लास्कमध्ये उरलेले सकाळचेच बुडबुडे घेतले. चॅनेलचा कण नाही. नसरीननं बाहेर पोटॅशियम सोडलं. रेषा थोडी थांबली आणि चढायला लागली. मग सोडियम. तीही चढली.

 दार नव्हतं तरी पाहुणे आत येत होते. म्हणजे भिंतच फुटकी होती आणि आम्ही सकाळपासून दाराला बोल लावत होतो.

एवढं कळलं तरी माझ्या छातीवरचं निम्मं ओझं उतरलं. पण निम्मंच. बुडबुडे कधीच गळायचे नाहीत, ते आजच कसे गळले? स्निग्ध पदार्थाची बाटली तीच, गेल्या आठवड्यात चांगली चाललेली. पाणी तेच, डिस्टिल्ड. रंग तोच. करणारे हात तेच. "कारण सापडलं नाही तर बापट मॅडम म्हणतील, तुम्हाला पाहिजे तेव्हा गळतात," मी म्हटलं. नसरीननं मान हलवली.

तिनं सकाळचा फ्लास्क रिकामा केला आणि उजेडात धरला. मग तो तसाच धरून ती शेल्फापाशी गेली. तिथं आमचे बुडबुड्यांचे फ्लास्क उपडे ठेवलेले असतात.

"मॅडम, हे फ्लास्क बघा."

"काय झालं?"

"चमकायलेत."

खरंच चमकत होते. आमचे हे फ्लास्क कधी चमकत नाहीत. त्यांना आम्ही साबण लावत नाही, वर्षानुवर्षं लावलेला नाही. फक्त सॉल्व्हंटनं, म्हणजे स्निग्धपणा विरघळवणाऱ्या द्रवानं खंगाळायचे, वरून भरपूर डिस्टिल्ड पाणी आणि उपडे टाकायचे. त्यामुळं काच कायम धुरकट दिसते. शेल्फाच्या वर तसा कागदही चिकटवलेला होता, साबण लावू नये म्हणून. आता तिथं नुसती चिकटपट्टीची खूण होती.

नसरीननं शेल्फावरचा एक फ्लास्क उचलला, त्यात थोडं डिस्टिल्ड पाणी घेतलं, बूच लावलं आणि हलवला. पाण्यावर फेस आला. बारीक, पांढरा, काठाला चिकटून बसलेला. दुसरा घेतला. त्यातही फेस. तिसऱ्यात तर इतका की तिला हसू फुटलं. आधी नुसतं तोंड दाबून, मग तिला आवरेनाच. मलाही आवरेना. दोघी बायका फेसाचे फ्लास्क हातात घेऊन खुळ्यासारख्या हसत होतो.

ज्या साबणानं आम्ही बुडबुडे शेवटी मुद्दाम फोडतो, तोच साबण सकाळी पहिल्यापासून फ्लास्कच्या काचेला चिकटलेला होता. बुडबुडे जन्मालाच भोकं घेऊन आले होते.

"पण धुतले कुणी?" नसरीन म्हणाली.

हे मला पण कळेना. लॅबमधल्या कुणाची हिंमत नव्हती.

दुपार कलल्यावर गाड्या परत आल्या. बापट मॅडम सरळ हॉटेलवर गेल्या होत्या. देशमुख सर एकटेच लॅबमध्ये आले, हातात हुरड्याची पुडी आणि शेंगदाण्याची चटणी. "तुमच्यासाठी आणलाय. खा गरम आहे तवर," ते म्हणाले आणि मग आमच्या तोंडाकडं बघून थांबले.

"सर, हे फ्लास्क कुणी धुतले?"

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं सगळं त्याच क्षणी कळलं.

"मीच. काल सकाळी लवकर आलो होतो. म्हटलं, बघावं एकदा कसं काय आहे. तर हे सगळे असे मळकट. घरी पाहुणे येणार असले तर आपण माळ्यावरची भांडी सुद्धा काढून घासतो, अन् इथं पुण्याची बाई येणार अन् असे फ्लास्क? कुणाला सांगू, तुम्ही सगळे आलात की हे फ्लास्क कामाला लागले असते. बाह्या सारल्या, पावडर घेतली अन् घासले. चमकायलेत का नाय?"

"चमकायलेत," मी म्हटलं. "आणि पाणी किती वापरलंत?"

"आता ते विचारू नका. काल टाकीत पाणी जेमतेम होतं, लाइनचं काम चालू होतं ना. म्हणून एका टबात डिस्टिल्ड घेतलं अन् सगळे त्यातच विसळले. एक थेंब वाया घालवला नाय."

आमच्या शहरात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इथं नळाला पाणी यायचा दिवस ठरलेला असतो आणि मधले दिवस भांडी एकाच टबात विसळून निघतात. माझ्या घरीही तेच चालतं. पहिलं भांडं स्वच्छ निघतं. शेवटचं निघतं ते सगळ्यांचा साबण घेऊन.

"आणि भिंतीवरचा कागद?"

"तो पिवळा पडला होता. काढून टाकला."

"वाचलात का?"

"नाय. इंग्रजीत होता, बारीक होता, चष्मा गाडीत होता."

मी नसरीनला खूण केली. तिनं फ्लास्कमध्ये पाणी घेतलं, हलवला आणि त्यांच्या पुढं धरला. फेस बघून त्यांना लगेच कळलं नाही. मग मी शेवटच्या साबणाच्या थेंबाचं सांगितलं, ब्लँकच्या चढलेल्या रेषा दाखवल्या. ते स्टुलावर बसले. हुरड्याची पुडी मांडीवर तशीच.

"म्हणजे पोरीचं काही नाय?"

"काही नाही."

"चॅनेल चांगला आहे?"

"ते उद्या कळेल. आज एवढंच कळलंय की सकाळच्या परीक्षेला काही अर्थ नव्हता."

त्यांनी मांडीवरची पुडी टेबलावर ठेवली.  मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथंच, आमच्या देखत, बापट मॅडमला लावला.

"मॅडम, देशमुख बोलतोय. सकाळच्या प्रयोगात आमच्या पोरीची काही चूक नाय. घाण मी केली. म्हणजे, स्वच्छता मी केली. ते सगळं तुम्हाला समजावून सांगायला मला जमणार नाय, काळे मॅडम सांगतील. पण उद्या वेरूळला जायच्या आधी एक तास द्या. नाय म्हणू नका."

काळे मॅडम म्हणजे मी. फोन माझ्याकडं आला. मी दोन मिनिटांत सांगितलं. बापट मॅडम पलीकडून म्हणाल्या, "ब्लँक सकाळीच घेतलं असतंत तर—" आणि मी म्हटलं, "घेणारच होतो, मॅडम." त्या एकदम हसल्या आणि म्हणाल्या, "मग उद्या घ्या. मी नऊला येते. आणि मीठ मी निवडणार."

फोन ठेवल्यावर देशमुख सर नसरीनकडं वळले. म्हणाले, "बेटा, दुपारी मी तुझ्याबद्दल भलतंच काहीतरी बोललो. काळे मॅडमनी ऐकून घेतलं नाय म्हणून बरं झालं." नसरीननं माझ्याकडं पाहिलं. मी तिला ते काही सांगितलेलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "सर, हुरडा गार होऊ लागला." मग तिघांनी मिळून खाल्ला.

त्या संध्याकाळी आम्ही फ्लास्क सॉल्व्हंटनं खंगाळले, डिस्टिल्ड पाण्यानं एकेक वेगळा धुतला, पाण्याचा विचार न करता. सरांनी स्वतःच्या कारखान्यातून पाणी मागवलं होतं. प्रत्येक फ्लास्क हलवून बघितला. फेस नाही असा एकच घेतला असता तरी चाललं असतं, पण नसरीननं सगळे बघितले. नवा थर व्हॅक्यूमला वाळत लावून आम्ही घरी गेलो. मला झोप चांगली लागली, असं लिहायला आवडलं असतं. लागली नाही. भिंत फुटकी होती हे सिद्ध झालं होतं. दार चोखंदळ आहे हे अजून कुठं सिद्ध झालं होतं?

सकाळी बापट मॅडम आल्या आल्या दोन छोट्या बाटल्या मागून घेऊन कोपऱ्यात गेल्या. आमचीच दोन द्रावणं त्यांनी त्यात भरली, बाटल्यांवर नाव नाही, नुसती खूण. पोटॅशियम कुठलं आणि सोडियम कुठलं ते फक्त त्यांना माहीत. मला ही बाई तेव्हाच आवडली. खोटं पकडायला आलेलं माणूस असंच वागतं, आणि खरं शोधायला आलेलं सुद्धा.

"आधी काय?" त्यांनी विचारलं.

मी बोलायच्या आत देशमुख सर म्हणाले, "आधी रिकामं ताट."

ब्लँक लागलं. रेषा आडवी. आम्ही बघत राहिलो, ती आडवीच. एरवी ब्लँकची रेषा बघताना मला जांभई येते. त्या दिवशी ती संपूच नये असं वाटत होतं. देशमुख सरांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "काही नाय दिसायलं, चांगलं ना?" मी म्हटलं, "लई चांगलं."

मग पहिली बाटली. नसरीननं चॅनेल टाकला.  रेषा हलली, थोडी वर गेली आणि रेंगाळायला लागली. मग दुसरी बाटली. चॅनेल टाकला आणि रेषा उठली. थांबली नाही. सरळ चढत गेली, नेहमी चढते तशीच, रिपोर्टमधल्या ग्राफसारखी. शेवटी साबणाचा थेंब. दोन्ही रेषा उडी मारून टोकाला गेल्या, पण एकीला फार लांबून जावं लागलं.

"दुसरी पोटॅशियमची," नसरीन म्हणाली.

 बापट मॅडमनी बाटल्यांची अदलाबदल करून, आमच्याकडं पाठ करून पुन्हा खुणा केल्या आणि पुन्हा सगळं करायला लावलं. या वेळी पहिलीच रेषा चढली.

"ही पोटॅशियमची."

"हो," बापट मॅडम म्हणाल्या. मग चष्मा डोक्यावर सरकवून त्यांनी खुर्ची नसरीनजवळ ओढली. "काल मी तुम्हाला जे विचारलं ते विचारायलाच हवं होतं. पण ते सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. आता मला सांगा, ही कडी तुम्ही कशी जुळवलीत? आमच्याकडे दोन वर्षं ती जमत नाहीत."

पुढचा तासभर दोघी कागदावर काहीतरी काढत बसल्या. वेरूळ राहिलं ते राहिलंच. देशमुख सर मधेमधे चहा पाठवत राहिले. मी माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि काही केलं नाही. हायसं वाटणं म्हणजे काय ते त्या दिवशी माझ्या पाठीला कळलं. कालपासून ती ताठ होती, ती खुर्चीला टेकली.

करार झाला. यंत्राचं काम चालू आहे, ते अजून बाजारात यायला अवकाश आहे. पडद्यात चॅनेल बसवताना वेगळ्याच कटकटी निघाल्या, त्या इथं सांगत नाही. पण या चॅनेलवरच्या शोधनिबंधात पहिलं नाव नसरीनचं आहे. तिच्या वडिलांनी सिल्लोडहून पेढे पाठवले. पेढ्यांच्या डब्यावर एक चिठ्ठी होती: "काळे मॅडमसाठी आणि फ्लास्क धुणाऱ्या साहेबांसाठी." ही गोष्ट तिनं घरी सांगितलेली दिसते.

यातून मी काय शिकले? प्रयोगात रिकामं ताट आधी वाढावं, मग पाहुणा कुणीही असो. आणि आपलं माणूस खोटं बोललं असं म्हणण्याआधी भांडी तपासावी. दुसरं मला आधीपासून माहीत होतं, पहिलं तर सगळ्यांनाच माहीत असतं. तरी दोन्ही विसरायला एक चांगला पाहुणा पुरतो.

भिंतीवर आता नवा कागद आहे. मराठीत, मोठ्या अक्षरात. तो देशमुख सरांनी स्वतः लिहून लावला. आणि लॅबमधली भांड्यांची पावडर आता त्यांच्या केबिनमधल्या कपाटात असते, कुलपात. किल्ली त्यांनी नसरीनकडं दिली आहे.